पॉइझन ओक उतला तर: पहिल्या तासापासून तिसऱ्या आठवड्यापर्यंत

पॉइझन ओक या अमेरिकेतल्या रानटी झुडपाचा चीक लागून पुरळ उठलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी एक गोष्ट स्पष्ट सांगावी: हे दोन ते तीन आठवडे चालणार आहे. औषधांनी ते सुसह्य होतं, वेळेवर सुरू केली तर बरंच दबतंही. पण चार दिवसांत ते संपवणारं मलम कुठल्याच फार्मसीत मिळत नाही. एवढं मनाला पटलं की पुढचे निम्मे घोळ टळतात. रोज नवं मलम, कढत पाणी, काथ्याने खसाखसा घासणं, जरा उतार पडताच गोळ्या बंद करणं, हे सगळे अधीरपणाचे उद्योग आहेत आणि त्रास त्यांनीच वाढतो.

कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहणाऱ्या मराठी घरांत ही तक्रार सर्रास ऐकू येते. शनिवार-रविवारचं हायकिंग असतं, मुलांच्या शाळेची सहल असते, नाहीतर पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा सकाळी फिरायला जातात. रँचो सॅन अँटोनिओ, कॅसल रॉक, माउंट टॅमलपायस, टिल्डन, कुठेही जा, वाटेच्या कडेला हे झुडूप असतंच. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियापासून मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियापर्यंत पॅसिफिकच्या काठाने त्याचं राज्य आहे. साधारण १,५०० मीटरच्या वर मात्र ते सहसा दिसत नाही. त्यामुळे लेक टाहोच्या काठी फारशी धास्ती नको, पण सांताक्रूझच्या डोंगरात जपून.

हा आपल्या बिब्ब्याचा नातलग

पॉइझन ओक, बिब्बा, काजू आणि आंबा एकाच कुळातले. पॉइझन ओकच्या पानांत, देठांत, मुळांत उरुशिऑल नावाचा तेलकट चीक असतो. पान चुरगळलं, फांदी मोडली की तो बाहेर येतो आणि हवा लागली की काळा पडतो. बिब्ब्याच्या तेलातही याच घराण्यातली द्रव्यं आहेत. धोबी कपड्यावर बिब्ब्याने खूण करत असत, ती कधी जात नसे, यामागे हाच काळा पडण्याचा गुण. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांना कॉलरवरच्या अशा खुणांमुळे मानेवर पुरळ उठायचं. १९४३ साली अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लेखही आला होता. तेव्हा गावाकडे कुणाला बिब्बा उतलेला ज्यांनी पाहिलाय, त्यांना हा आजार अर्धा ओळखीचाच आहे. लहानपणी तुम्हाला स्वतःला बिब्बा उतला असेल किंवा काजूच्या टरफलाच्या तेलाने हात सोलवटले असतील, तर पॉइझन ओकशी गाठ पडल्यावर तुमचं शरीर 'पहिलीच वेळ' समजून गप्प बसेल याची खात्री धरू नका.

आणि ही 'उष्णता' नव्हे. फोनवर आई सब्जा, गुलकंद, धने-जिऱ्याचं पाणी सुचवेल. प्यायला हरकत नाही, पण त्याचा पुरळाशी संबंध नाही. उरुशिऑल त्वचेत मुरून तिथल्या प्रथिनांना चिकटतं. शरीराच्या संरक्षक पेशींना ती प्रथिनं परकी वाटतात आणि त्या स्वतःच्याच त्वचेवर तुटून पडतात. म्हणजे ही ॲलर्जी आहे, पण उशिरा जागी होणारी. म्हणूनच पुरळ दिसेपर्यंत माणूस घरी येऊन, जेवून, झोपून, सोमवारी ऑफिसलाही गेलेला असतो.

झाड ओळखणं

तीन पानांचा झुबका, मधल्या पानाचा देठ बाजूच्या दोघांपेक्षा लांब, कडा ओकच्या पानासारख्या गोलसर खाचांच्या. वसंतात कोवळी पानं तांबूस आणि तुकतुकीत, पुढे हिरवी, उन्हाळ्याच्या शेवटाकडे लालभडक. याच दिवसांत लोक फोटोसाठी त्याच्या शेजारी जाऊन उभे राहतात! सावलीत ते वेलासारखं झाडावर चढतं, उन्हात झुडूप होऊन पसरतं. खरी फसगत हिवाळ्यात होते. पानं गळून नुसत्या राखाडी काड्या उरतात आणि त्या काड्यांतही चीक असतो. पानं नसलेली, ओळख न पटणारी काडी हाताला आधार म्हणून धरू नये, शेकोटीत तर मुळीच टाकू नये. जळत्या पॉइझन ओकचा धूर छातीत गेला तर श्वासनलिका आणि फुप्फुसं सुजतात. कॅलिफोर्नियात वणवे विझवणाऱ्या जवानांना हा धोका कायम असतो.

पहिला तास: धुणं

उरुशिऑल त्वचेत मुरायला फार वेळ घेत नाही. पहिल्या दहा मिनिटांत धुतलं तर सगळ्यात जास्त फायदा, अर्ध्या तासाने बराच कमी. तरीही दोन तासांनी का होईना, धुवाच. त्वचेवर राहिलेला चीक निदान आणखी कुठे लागणार नाही.

ट्रेलवर असाल तर बाटलीतलं पाणी पिण्यापुरतं ठेवून बाकीचं ओता. ओढा असेल तर त्यात हात भरपूर धुवा. सॅनिटायझर किंवा अल्कोहोलचे वाइप्स असतील तर पुसून टाकायचं, नुसतं चोळून वाळवायचं नाही. चोळलं की तेल विरघळून पसरतं आणि तिथेच राहतं. अल्कोहोलने पुसल्यावर त्वचेचं स्वतःचं तेलकट कवचही जातं, म्हणून नंतर पुन्हा झुडपात शिरू नका.

घरी आल्यावर आधी बूट बाहेर काढा आणि कपडे थेट वॉशिंग मशीनमध्ये टाका. सोफ्यावर टेकू नका. बाथटब भरून त्यात बसू नका, शॉवरखालीच उभे राहा. पाणी कोमट किंवा थंड. साबण कुठला? भांडी घासायचा पातळ साबण. तेलकट कढई ज्याने निघते, त्यानेच हे तेल निघतं. दुकानात टेक्नूसारखी खास उत्पादनं मिळतात आणि ती चांगली आहेत. पण २००० साली झालेल्या एका तुलनेत टेक्नू, मेकॅनिक लोक हाताचं ग्रीस काढायला वापरतात ते क्रीम आणि साधा भांड्यांचा साबण, तिघांचाही उपयोग झाला आणि त्यांच्यातला फरक ठोस म्हणावा इतका नव्हता. पैशाचा फरक मात्र मोठा होता.

साबणापेक्षा हाताची पद्धत जास्त महत्त्वाची आहे. एक जुना मऊ रुमाल घ्या. कोरड्या त्वचेवरच साबण घालून रुमालाने दाबून पुसत या, मनगटाकडून कोपराकडे, एकाच दिशेने. बोटांच्या बेचक्या, नखांखाली, घड्याळाच्या पट्ट्याखाली, कानामागे, मानेवर, घोट्याच्या वर जिथे मोजा संपतो तिथे. मग भरपूर पाणी. रुमाल पिळून पुन्हा साबण. असं तीनदा. गाडीच्या चाकाचं वंगण हाताला लागलंय असं मनात धरून धुतलं की बरोबर धुतलं जातं. उरुशिऑल दिसत नाही, म्हणून लोक ओल्या हाताने पुसल्यासारखं करतात आणि धुतलं असं समजतात. घासणी किंवा काथ्या मात्र वापरू नका, ओरखड्यांतून ते अधिकच मुरतं. आणखी एक: लघवीला जायचं असेल तर हात आधी धुवा, नंतर नव्हे. हे कुणी सांगत नाही आणि मग डॉक्टरपुढे सांगायची लाज वाटते.

खोबरेल तेलाबद्दल खास सांगायला हवं. बिब्बा उतला की खोबरं खायचं आणि खोबरेल लावायचं, ही आपली जुनी सवय. इथे पहिल्या काही तासांत, साबणाने धुण्याआधी, तेल लावू नका. चीक तेलात विरघळतो. मनगटावरचा एक ठिपका तेलाच्या हाताने कोपरापर्यंत नेऊन पोहोचवण्यासारखं ते आहे. तेलाची वेळ पुढे येईल.

मग वस्तू

ही पायरी लोक गाळतात आणि मग म्हणतात, 'पंधरा दिवसांनी पुन्हा आपोआप उठलं!' आपोआप उठत नाही. सुकलेलं उरुशिऑल वस्तूंवर महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं टिकतं. सगळ्यात मोठा गुन्हेगार बुटाची नाडी. त्याखालोखाल ट्रेकिंगच्या काठ्या, बॅगेचे पट्टे, फोनचं कव्हर, गाडीचं स्टिअरिंग, दाराची मूठ, मुलांची सायकल. हातात जाडसर व्हायनलचे मोजे घालून या सगळ्या वस्तू अल्कोहोलने किंवा साबणाच्या पाण्याने पुसा. कपडे वेगळे, गरम पाण्यात, नेहमीच्या डिटर्जंटने धुवा.

कुत्र्याला स्वतःला सहसा काही होत नाही, केस जाड असतात. पण तो झुडपातून लोळून येतो, तुम्ही लाडाने मान खाजवता आणि काम झालं. अंगाला न लागताही पुरळ उठलं असं वाटलं तर आधी कुत्र्यावर संशय घ्या. हातमोजे घालून त्याला शांपूने अंघोळ घाला.

पुरळ उठण्याची वाट

ज्याच्या शरीराला या चिकाची ओळख आधी झालेली आहे, त्याला साधारण १२ ते ७२ तासांत खाज सुरू होते. आयुष्यात पहिलीच वेळ असेल तर एक ते तीन आठवडेही लागतात, तोवर हायकिंग विसरूनही गेलेलं असतं. पुरळ बहुधा रेघेत उठतं, फांदी जशी ओढली गेली तशी. मग लाल चट्टे, सूज, पाण्याचे फोड. काहींना काहीच होत नाही. सुमारे ८५ टक्के लोकांना ही ॲलर्जी असते असं म्हणतात. पण जे आज सुटले ते उद्याही सुटतील असं नाही. 'मला होत नाही' म्हणून फांद्या हाताने बाजूला सारणारा एक मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याचं अनुकरण नको.

फोडांतल्या पाण्याने हे पसरत नाही. त्या पाण्यात उरुशिऑल नसतं, ते शरीराचंच पाणी आहे. मग रोज नवीन जागा का उठतात? पोटाची, मांडीची आतली पातळ त्वचा आधी बोलते, हाताची जाड त्वचा उशिरा, आणि जिथे चीक कमी लागला तिथे आणखी उशिरा. एकदा नीट धुतल्यावर तुमच्यामुळे घरात कुणाला लागण होत नाही. बाळाला खुशाल कडेवर घ्या, वेगळं ताट-वाटी नको.

पहिला आठवडा: थंडावा

तिसऱ्या ते सातव्या दिवसापर्यंत परीक्षा असते. या काळात सगळ्यात जास्त उपयोग होतो तो ओल्या थंड पट्ट्यांचा, आणि त्यासाठी आपल्या पंचाइतकं चांगलं कापड नाही. विरलेला, धुऊन धुऊन मऊ झालेला सुती पंचा घ्या, थंड पाण्यात बुडवून हलका पिळा आणि १५ ते २० मिनिटं पुरळावर ठेवा. कापड गरम झालं की पुन्हा बुडवा. दिवसातून चार-पाच वेळा करा. फोड फुटून लस वाहत असेल तर फार्मसीतल्या डोमेबोरोच्या पुड्या पाण्यात विरघळवून त्याच्या पट्ट्या ठेवा, त्याने ओल सुकते. पट्टी काढल्यावर अंग टिपून घ्या आणि वर कॅलामाइनचा पातळ हात द्या.

ओटमीलची अंघोळ हा दुसरा खरा दिलासा. तयार पुड्या मिळतात, पण घरातले साधे, साखर-वेलची नसलेले ओट्स मिक्सरमधून काढले तरी चालतात. मैद्याइतके बारीक व्हायला हवेत. चमचाभर पीठ पेलाभर पाण्यात टाकून ढवळा. पाणी दुधासारखं पांढुरकं होऊन तसंच राहिलं तर ठीक, भुगा तळाशी बसला तर आणखी फिरवा. वाटीभर पीठ टबातल्या कोमट पाण्यात टाकून १५ मिनिटं बसा. आता टबात बसायला हरकत नाही, चीक केव्हाच धुऊन गेलाय. टब मात्र बेफाम निसरडा होतो. आई-बाबांना एकटं उठू देऊ नका.

एक टक्का हायड्रोकॉर्टिसोनचं मलम चिठ्ठीशिवाय मिळतं. हलक्या पुरळाला ते ठीक, टचटचीत फोड आल्यावर त्याचा प्रभाव जवळजवळ पडत नाही. फोड येण्याआधी, पहिल्या एक-दोन दिवसांत डॉक्टरने लिहून दिलेलं तीव्र स्टिरॉइड मलम लावलं तर खूप फरक पडतो. आधी कधी जबर उठलं असेल, तर या वेळी खाज सुरू होताच डॉक्टरला निरोप टाका, फोडांची वाट पाहू नका.

रात्र

दिवसा कामात खाज विसरते, रात्री अकरानंतर ती एकटी आणि आपण. नखं मुळापासून कापा. झोपेत खाजवण्याची सवय असेल तर हातांत सुती मोजे चढवा, दिसायला हास्यास्पद असलं तरी सकाळी बरं वाटतं. खोली थंड ठेवा, पांघरूण सुती, आणि उशाशी बर्फाची पिशवी पंचात गुंडाळून.

ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळ्या इथे फारशा चालत नाहीत, कारण त्या शरीरातल्या हिस्टामिन नावाच्या द्रव्याला अडवतात आणि ही खाज हिस्टामिनची नाही. जुन्या जातीच्या, गुंगी आणणाऱ्या गोळीने झोप मात्र लागते. तिचा उपयोग तेवढाच समजा. घरातल्या ज्येष्ठांना ती विचारल्याशिवाय देऊ नका. तोल जाणं, गोंधळ उडणं, प्रोस्टेटचा त्रास असल्यास लघवी अडणं, हे प्रकार खरेच होतात.

कढत पाण्याचा किस्सा प्रत्येक जण सांगतो. सोसेल तितकं गरम पाणी पुरळावर सोडलं की क्षणभर खाज टिपेला जाते आणि मग तास-दोन तास गप्प बसते. हे खोटं नाही. पण भाजतं, त्वचा कोरडी पडते, सूज वाढते. मला हा सौदा परवडणारा वाटत नाही. थंड पट्टीला वेळ लागतो, पण ती दुसऱ्या दिवशी उलटत नाही.

काय लावू नये

हळद, लिंबू, टूथपेस्ट, ब्लीच, नेलपॉलिश यांतलं काहीही नको. हळदीने त्वचेचा रंग बदलतो आणि मग लाली वाढतेय की उतरतेय हे डॉक्टरलाही दिसत नाही. ॲलर्जीच्या औषधाची क्रीम, बधिर करणारी बेंझोकेनची मलमं आणि निओमायसिन असलेली प्रतिजैविक मलमं यांचीच नवी ॲलर्जी होऊ शकते, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

भारतातून बॅगेत आलेल्या ट्यूबचंही तेच. आपल्याकडे खाज-खरूज-नायटा सगळ्यावर एकच ट्यूब फिरते. तिच्यात बहुधा तीव्र स्टिरॉइड, एखादं प्रतिजैविक आणि बुरशीचं औषध एकत्र असतं. चेहऱ्यावर आणि जांघेत ती चोपडली तर त्वचा पातळ पडते, आणि ट्यूबवर काय लिहिलंय हे कुणी वाचत नाही. ती ट्यूब डॉक्टरला दाखवा, परस्पर लावू नका.

डॉक्टरकडे कधी

श्वास लागत असेल, गिळताना अडत असेल, किंवा जळत्या झाडाचा धूर छातीत गेला असेल तर थेट ९११ या आपत्कालीन नंबरला फोन. चेहरा सुजून डोळे मिटायला लागले, गुप्तांगावर उठलं, शरीराचा बराच भाग व्यापला, ताप आला, फोडांत पू झाला, किंवा तीन आठवड्यांनीही ओसरेना, तर डॉक्टर किंवा अर्जंट केअर. पाहुणे आई-बाबा असतील तर प्रवास विम्याचं कार्ड आणि त्यांच्या रोजच्या गोळ्यांची यादी बरोबर न्या.

अशा वेळी बहुधा प्रेडनिसोन या स्टिरॉइडच्या गोळ्या देतात. जबर पुरळाला हेच खरं औषध, आणि दोन-तीन दिवसांत माणूस पुन्हा माणसात येतो. घोळ इथेच होतो. खाज थांबली म्हणून गोळ्या बंद केल्या, किंवा सहा दिवसांचं छोटं पाकीट संपलं, की पुरळ दुप्पट जोराने परत येतं. औषध दबवत असतं, आतली प्रतिक्रिया अजून संपलेली नसते. म्हणून जबर पुरळाला हळूहळू कमी करत नेलेला दोन ते तीन आठवड्यांचा डोस लागतो. हातात सहा दिवसांचं पाकीट पडलं तर तिथेच नम्रपणे विचारा: 'हे पुरेल का? पूर्वी परत उठल्याचं ऐकलंय.' गोळी सकाळी, खाल्ल्यावर घ्या. रात्री घेतली तर झोप उडते, डोकं भणाणतं.

मधुमेह असेल तर हे आधीच सांगा. प्रेडनिसोनने साखर झपाट्याने चढते, त्या काळात रोज मोजावी लागते आणि कधी औषधाचा डोस बदलावा लागतो. रक्तदाब आणि काचबिंदूबद्दलही सांगा. 'पुरळाच्या डॉक्टरला साखरेचं काय सांगायचं' असं म्हणणारे बाबा घरोघरी आहेत.

उतार आणि डाग

दुसऱ्या आठवड्यात फोड बसतात, खपली धरते. खपली ओढू नका. आता तेलाची वेळ: खोबरेल किंवा व्हॅसलिन, अंघोळीनंतर ओलसर त्वचेवर. खाज अधूनमधून डोकं काढेल, तिला थंड पंचाच.

आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर नंतर काळपट डाग राहतात, ते इथल्या माहितीपत्रकांतल्या गोऱ्या हातांच्या फोटोंत दिसत नाहीत. घाबरायचं कारण नाही, हे व्रण नव्हेत. पण जायला काही महिने लागतात. त्या जागी सनस्क्रीन लावा, ऊन लागलं की डाग गडद होतात. लिंबाचा रस, घासण्या आणि गोरं करणारी क्रीमं दूर ठेवा.

आणि आंब्याबद्दल. आंब्याच्या सालीत आणि देठाच्या चिकात उरुशिऑलसारखीच द्रव्यं असतात. पॉइझन ओक जोरात उतलेल्या माणसाला आंबा चोखल्यावर ओठांच्या कडेला, हनुवटीवर पुरळ उठू शकतं. गराचा सहसा त्रास नसतो. अशा माणसाने आंबे धुऊन घ्यावेत, साल दुसऱ्याकडून काढून घ्यावी आणि फोडी चमच्याने खाव्यात. बाठ चाटणं मात्र कायमचं सोडावं लागतं.